गोड्या पाण्यातली पट्टी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पत्नीलाही नाही. बातमीदाराने स्वतःला मजकुराबाहेर ठेवायचं असतं — हा आडोसा मला पुष्कळ वर्षं पुरला.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं मी पनवेलच्या एका साप्ताहिकात होतो. गावातल्या एका कारखान्याने लोखंडी पिंपांवर एनॅमलचा मुलामा द्यायला सुरुवात केली होती — ताटल्यांवर असतो तसाच, काचेसारखा, नखाएवढा पातळ. खाडीतले तराफे पिंपांवर तरंगत, आणि उघडं लोखंड खारं पाणी वर्षभरात खाऊन टाकी. मालक म्हणाले, मुलामा दिलेली लोखंडी पट्टी महिनाभर खाडीच्या पाण्यात ठेवली आहे, गंजाचा ठिपका नाही. मी पाहायला गेलो. पाण्याच्या बरणीतली पट्टी पांढरीशुभ्र होती. मिठागरांच्या गावात वाढलेला माणूस पाणी जिभेने तपासतो. मी बोट बुडवून जिभेला लावलं —

पाणी गोडं होतं. विहिरीचं.

मी काही विचारलं का? नाही. बातमी आदल्या दिवशीच लिहून दिली होती, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून झाले होते. ते मोडायला सांगायचं, मालकांशी वाईटपणा घ्यायचा — एवढंच टाळलं. एवढंच.

मिठागरात राबणारा, स्वतःच्या तराफ्यावरून मीठ वाहणारा धर्मा अंक घेऊन माझ्याकडे आला. त्याला वाचता येत नव्हतं. बरोबर बायको होती, चांगुणा.

"भाऊ, वाचा जरा. गंजनार नाय ना?"

मी वाचलं. स्पष्ट आवाजात. 'खाऱ्या पाण्यात महिनाभर.'

चांगुणा नवऱ्याला म्हणाली, "दर सालाला पिंपं बदलतोस. यंदा माजं लुगडं बदल!"

धर्माने मुलाम्याची पिंपं घेतली. पुढच्या वर्षी भर भरतीत त्याचा तराफा कलंडला; चांगुणाही त्यावर होती. तो पोहून आला. चांगुणा दुसऱ्या दिवशी ओहोटीला चिखलात सापडली.

पिंप मी पाहिलं. मुलाम्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. त्याखालचं लोखंड बोटाने चुरत होतं. वरून पिंप अजून पांढरंच होतं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? कितीदा तोंडापर्यंत आलं — आणि मी गिळलं.

ती बातमीही मीच लिहिली. चार ओळी. 'भरतीच्या जोराने तराफा उलटला.'

धर्माने तीही माझ्याकडूनच वाचून घेतली. मग म्हणाला, "बराबर लिवलंय, भाऊ. पान्याला जोर व्हता."

मी मान हलवली. अंकाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.