वर भरपूर आहे

बुर्गीला फोन करून कुणी विचारलं, "गावात बर्फ आहे का?" तर ती सरळ सांगते, "नाही. येऊ नका." त्यामुळे पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या तिच्या खोल्या रिकाम्या आणि सगळं गाव तिच्यावर खार खाऊन. पर्यटन मंडळाचा इग्नाझ मागच्या एप्रिलमध्ये तिच्या दारात उभा राहून ओरडला, "अगं, एक वाक्य बोलायला तुझी जीभ झडते का?"

"झडली," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

ते एक वाक्य आमच्या गावातली पोरं बोलायला लागली की लगेच शिकतात. एप्रिल आला की खालची कुरणं तपकिरी पडतात, चर्चच्या उतारावर चिखल होतो, आणि नेमके तेव्हाच स्की करायला येणारे पाहुणे फोन करतात. खाटीक असो, बसवाला असो, नाहीतर पाद्रीबाबा, उत्तर ठरलेलं असतं: "वर भरपूर आहे." ते खोटं नसतंच. वर डोंगराच्या सावलीत बर्फ असतोच असतो. किती वर, आणि तिथे कधी जावं, हे कुणी विचारत नाही. आम्हीही आपणहून सांगायला जात नाही.

मी लुइस, बुर्गीचा शेजारी. लाकूडतोडीत तिचा नवरा गेला तेव्हापासून तिने ते खोल्यांचं घर एकटीने चालवलेलं मी पाहिलं आहे. चादरी, शेगडी, नाश्ता, खिडकीतली लाल फुलं, सगळं एका हाती. बाई अंगाने वाळकी, पण जीभ मोठी तिखट. "बूट झटक, नाहीतर तुलाच झटकते," असं माझं रोजचं स्वागत. पाहुण्यांवर मात्र तिचा जीव होता. त्यातही दूरच्या ब्रेमेन शहरातल्या ब्रांडेस मास्तरांवर आणि त्यांच्या बायकोवर. ते दोघं दरवर्षी हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात यायचे. मास्तर डोंगरावर जायचे आणि बाई, गुडघे दुखतात म्हणून, बुर्गीबरोबर बटाटे सोलत बसायच्या. बुर्गीला मूलबाळ नव्हतं. तो एक आठवडा तिचं घर भरलेलं असायचं, एवढंच मी सांगू शकतो.

बुर्गीची जीभ झडली त्या वर्षी त्यांची पंचविसावी खेप होती. आमच्याकडे पंचविसाव्या खेपेला पाहुण्याचा सत्कार होतो. बँड वाजतो, इग्नाझ भाषण करतो, जेन्शियनच्या मुळांची कडू दारू फिरते आणि कोटाला चांदीचा बिल्ला लावतात. बुर्गीने महिनाभर आधी पडदे धुवून ठेवले होते. आणि मास्तरांचा फोन आला. मी तिथेच कॉफी पीत होतो.

"बुर्गीबाई, यंदा जरा विचारात पडलोय," मास्तर म्हणाले. कान मंद म्हणून ते फोनवर इतक्या मोठ्याने बोलायचे की मला सगळं ऐकू येत होतं. "हिमनदीवरच्या त्या नव्या गावात मेपर्यंत बर्फ असतो म्हणे. नुसत्या सिमेंटच्या इमारती आहेत, तुमच्या गावाची शोभा नाही. पण आता या वयात स्की करायचे दिवस थोडेच उरले. तुमच्याकडे बर्फ आहे ना?"

बुर्गीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर माझी बकरी चरत होती.

"वर भरपूर आहे," ती म्हणाली.

"मग येतो आम्ही."

आले, आणि पाहिलं. मास्तर सभ्य माणूस, तक्रार करणारे नव्हेत. पण दोन दिवस अरुंद पांढऱ्या पट्ट्यावर चिखल चुकवत स्की केल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी, सत्काराच्या आधी, त्यांनी बुर्गीला हळूच सांगितलं, "आजचा दिवस बघतो. नाहीतर उरलेला आठवडा हिमनदीकडे जाऊ. रागावू नका."

सत्कार लांबला. इग्नाझचं भाषण म्हणजे मारुतीचं शेपूट. मी त्या दिवशी तुतारी फुंकत होतो. माझे ओठ सुजले तरी त्याचं संपेना. बुर्गीने काइझरश्मारन, म्हणजे जाड गोड धिरड्याचे तुकडे, केलं होतं, आलूबुखाऱ्याच्या मुरंब्याबरोबर. मास्तरांनी दोनदा मागून घेतलं. सगळं आटोपलं तेव्हा छपरांवरून पाणी धो धो गळत होतं. एप्रिलमध्ये आम्ही डोंगरावर पहाटे जातो आणि ऊन तापून बर्फ सुटायच्या आत खाली येतो. हे गावात कुणी कुणाला शिकवत नाही.

मास्तर बिल्ला लावलेला कोट घालून, स्की खांद्यावर टाकून उभे राहिले. "चांगला बर्फ नक्की कुठे मिळेल?"

"उजवीकडच्या खोऱ्यात," बुर्गी म्हणाली. "स्कीची हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या पलीकडे. आम्ही गाववाले तिथेच जातो."

बाईंनी बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "बुर्गी, आत्ता जाणं बरं का गं? खरं सांग."

माझी तुतारी पिशवीत घालता घालता मी बुर्गीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. रिकामी खोली, न मोडलेल्या चादरी, दुसऱ्याच्या दारात उभी असलेली त्यांची गाडी.

"जाऊ द्या की त्यांना, बाई," ती हसून म्हणाली. "वर भरपूर आहे."

खरंच होतं. ते सगळं दुपारी खाली आलं. ओला, जड बर्फ, आपल्याबरोबर दगड आणि झाडं घेऊन. आवाज इथवर आला आणि बुर्गीच्या हातातलं ताट पडलं. आम्ही काठ्या खुपसून शोधलं, कुत्री आणली, पण वरून अजून घसरत होतं, तेव्हा शोध थांबवावा लागला. मास्तर खोऱ्यातच राहिले. आता ते बर्फ वितळल्यावरच मिळणार होते.

बाई ब्रेमेनला परतल्या. जाताना बुर्गीला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मी एकदा म्हटलं, "मी घेतो, तू बस." तिने माझा हात झिडकारला. आधी ती दुर्बिणीने खोऱ्याकडे बघायची, मग फोनजवळ उभी राहायची.

"बुर्गी, अजून बर्फ आहे का?" बाई विचारायच्या.

आणि बुर्गीला तेच सांगावं लागायचं. "वर भरपूर आहे, बाई."

मे गेला, जून गेला. कुरणात गवत गुडघ्याएवढं झालं. दर रविवारी तोच प्रश्न, तेच उत्तर. तेवढे शब्द बोलून ती खुर्चीत बसायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची. आजही दोन्ही येतात.

जुलैत एक धनगर मेंढ्या घेऊन खोऱ्यात गेला. ओहोळाच्या कडेला त्याला काहीतरी चमकताना दिसलं. तो मास्तरांच्या अंगावरच्या कोटाचा बिल्ला होता.

त्या दिवशी बुर्गीने रविवारची वाट पाहिली नाही. तिने स्वतःच फोन लावला.

"बाई," ती म्हणाली, "वर आता काही नाही."



"मग येते मी," बाई म्हणाल्या.

बुर्गी जिना चढून त्यांच्या खोलीत गेली. सवयीने तिने पलंगावर दोन उशा मांडल्या, आणि मग एक उचलून बाहेर नेली.