त्या वर्षी मधाचं बोलावणं आलं नाही

नव्वद साली मार्चमध्ये राजधानी विल्न्यूसच्या सभागृहात आमचा देश सोव्हिएत संघातून बाहेर पडल्याचं जाहीर झालं, तेव्हा उर्शुलेताई आमच्याच टीव्हीसमोर बसून हमसून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार उघडायच्या आत ती रांगेत उभी होती. मीठ घ्यायला. मीठ, काड्यापेट्या आणि कपडे धुवायचा साबण, जितका उचलता येईल तितका.

"ताई," मी म्हटलं, "काल स्वातंत्र्य आलं आणि आज लगेच त्याचं लोणचं घालतेस काय?"

"हस," ती म्हणाली. "मीठ संपल्यावर ये हसायला."

मला तिच्या या मिठाचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. आदल्या उन्हाळ्यात स्वातंत्र्यासाठी देशभर माणसांची साखळी झाली तेव्हा रस्त्यावर माझा हात तिच्याच हातात होता. सगळ्यांत मोठ्यानं गाणारी तीच. आणि आता सगळ्यांत आधी घाबरणारीही तीच. मला वाटायचं, माणसानं एक काय ते ठरवावं. पण तिचं तसं नव्हतं. स्वातंत्र्य तिला हवंच होतं, आणि त्यात आपण उपाशी मरणार याचीही तिला खात्री होती.

तिला ही खात्री का होती, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. एकेचाळीस साली जूनमध्ये सोव्हिएत शिपायांनी तिच्या घरादाराला गुरांच्या रेल्वेडब्यात कोंबून सायबेरियात नेलं. तेव्हा ती शाळेत जाणारी पोर होती. परत आली ती एकटी, पंचवीस वर्षांची बाई होऊन. तिथलं ती काही सांगत नसे, आणि आम्हीही विचारत नसू. पण तिच्या घरी गेलं की दिसायचंच. पावाचा तुकडा खाली पडला तर आम्ही सगळेच उचलून त्याला ओठ लावतो. उर्शुलेताई तो खिशात ठेवायची. भिंतीवर खिळ्यांना उशांचे अभ्रे टांगलेले असायचे, सुकवलेल्या काळ्या पावाच्या तुकड्यांनी गच्च भरलेले. आयुष्यभर तिनं कोल्होजच्या, म्हणजे सरकारी सामुदायिक शेतीच्या, गोठ्यात दूध काढलं, लग्न केलं नाही, आणि परसात मधमाश्या पाळल्या.

माझं तिचं नातं जुळलं तेही या माश्यांमुळे. माझं लग्न होऊन मी या गावात आले त्याच उन्हाळ्यात तिच्या पेटीतला थवा उडाला आणि आमच्या सफरचंदाच्या झाडावर येऊन बसला. आमच्याकडे मधमाशी विकत नाहीत आणि विकत घेतही नाहीत. थवा ज्याच्या झाडावर बसेल त्याचा, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांची बिच्युले. सख्ख्यांपेक्षा हे नातं जड. लग्नात बिच्युले पंगतीला वर बसतात, मयताला पुढे चालतात. आमच्याकडे गाय मरते, कुत्रं मरतं, पण मधमाशी वारते, माणसासारखी. आणि मध काढायच्या दिवशी बिच्युलेला बोलावणं गेलंच पाहिजे. बागेतली कोवळी काकडी उभी चिरायची, वर आत्ताच काढलेला मध ओतायचा, आणि बाकावर ओळीनं बसून सगळ्यांनी हात चिकट करून घ्यायचे. इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

तर मार्चमध्ये ते मीठ झालं, आणि एप्रिलमध्ये मॉस्कोनं नाकेबंदी केली. पेट्रोल-डिझेल बंद, गॅस बंद. माझा नवरा क्लेओपस कोल्होजचा ट्रॅक्टर चालवायचा. तो ट्रॅक्टर शेताच्या कडेला उभा राहिला आणि म्हातारे घोडे पुन्हा नांगराला जुंपले. बस बंद झाली. पानेवेझिस शहरात माझ्या नणंदेच्या नळाला गरम पाणी येईना, आणि तिच्या कारखान्यात माल यायचा थांबला, म्हणून अर्ध्या लोकांना घरी बसवलं.

दुकानाच्या रांगेत तर दुसरा विषयच नव्हता.

"गॅस बंद केला म्हणे," क्लेओपस म्हणाला. "अरे, पण आपल्या गावात गॅस आला होता कधी? न आलेला गॅस बंद करतात, भलतेच हुशार लोक."

"तुला चेष्टा सुचतेय," मागून कोणीतरी म्हणालं. "पेन्शन कोण देणार आता? विल्न्यूस? त्यांच्याकडे झेंडा आहे फक्त."

"झेंडा पावाला लावून खा."

"चाळीस वर्षं पावाला काय लावून खात होतास रे? लेनिन?"

सगळे हसले. उर्शुलेताई हसली नाही. ती पुढे सरकत होती आणि शेल्फवर काय उरलंय ते मान उंच करून बघत होती. खरं सांगायचं तर हसून झाल्यावर आम्हीही तेच करत होतो. दिवसा मी बेधडक बोलायचे आणि स्वयंपाक करताना तेल घालायच्या वेळी हात आपोआप आखडायचा. भीती प्रत्येकालाच होती. तिची फक्त लपत नव्हती.

जुलैत बोलणी सुरू झाली, नाकेबंदी उठली. क्लेओपसनं ट्रॅक्टरला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. मी उर्शुलेताईला म्हटलं, "झालं ना आता? सुटलो."

"उठवली म्हणजे पुन्हा बसवता येते," ती म्हणाली. "हिवाळ्यात बसवतील. त्यांना ठाऊक आहे कधी बसवायची ते."

मी चिडून घरी निघून आले.

त्या वर्षी लिंडनची झाडं अशी फुलली होती की खालून जाताना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये, इतका माश्यांचा आवाज. मध भरपूर होणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी काकड्या राखून ठेवल्या. जुलै संपला. काकड्या मोठ्या झाल्या, मग पिवळ्या पडल्या. बोलावणं काही आलं नाही.

शेवटी मी खुरपं मागायचं निमित्त करून गेले. परसात धुराचा वास होता. मध काढायचं फिरतं पिंप धुऊन गवतावर पालथं घातलं होतं आणि त्याच्या कडेला मुंग्या लागल्या होत्या.

"मध काढलास?" मी विचारलं.

"नाही गं. या वर्षी नाहीच झाला. पावसानं गेला."

पाऊस! मुंग्यांकडे बघत ती मला पाऊस सांगत होती. कोंबडं झाकून कधी तांबडं फुटायचं राहिलंय का? मी खुरपं न घेताच परत आले आणि क्लेओपसला म्हटलं, "संपलं. आता मेले तरी तिच्या फाटकात पाऊल टाकणार नाही." तो म्हणाला, "मेल्यावर कसं टाकशील?" त्या दिवशी त्यालाही जेवण उशिरा मिळालं.

गावात बोभाटा झाला. उर्शुलेनं बिच्युलेला मधाला बोलावलं नाही. आमच्याकडे चोरी केली तरी माणसं एवढी कुजबुजत नाहीत. ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागली आणि प्रार्थना संपायच्या आधी निघून जायला लागली. मला बरं वाटत होतं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

ऑगस्टच्या अखेरीला एका दुपारी माझ्या पेट्यांपाशी गोंधळ ऐकू आला. जाऊन बघते तर पेटीच्या तोंडाशी मारामारी. परक्या माश्या आत घुसत होत्या, माझ्या त्यांना ओढून बाहेर काढत होत्या, खाली मेलेल्यांचा सडा. मधमाशी उगाच लुटायला येत नाही. घरात अन्न असलं तर ती दुसऱ्याच्या दारात कशाला येईल? मी पेट्यांची तोंडं गवतानं बारीक केली आणि परक्या माश्या कुठे परततात ते बघत उभी राहिले. त्या कुंपणावरून सरळ उर्शुलेताईच्या परसात जात होत्या.

शपथ बाजूला ठेवून मी तिच्या फाटकातून आत शिरले, भांडायलाच. ती घरात होती. मी आधी तिच्या पहिल्या पेटीची मागची कड धरून उचलली. हिवाळ्याच्या तोंडावर पेटी दोन हातांनीही हलता कामा नये. ही एका हातानं वर आली. मी दुसरी उचलली, तिसरी उचलली. सगळ्या रिकाम्या खोक्यांसारख्या हलक्या.

"काय केलंस हे?" मी तिथूनच ओरडले.

ती दारात आली. तिचा चेहरा बघून माझं भांडण अर्ध्यावरच राहिलं.

"साखर येणार होती," ती म्हणाली. "दर वर्षी येते."

ते खरंच होतं. दर ऑगस्टमध्ये मधवाल्यांना कोल्होजच्या गोदामातून साखर मिळायची. मध आपण घ्यायचा आणि हिवाळ्यासाठी माश्यांना साखरेचा पाक द्यायचा, असंच गावातले सगळे करत आले होते. त्या भरवशावर तिनं या वर्षी पेट्यांच्या खालच्या मजल्यावरच्या पोळ्यांच्या चौकटीही उपसल्या होत्या, ज्यांना कोणी हात लावत नाही. मी माझ्या पेट्यांत निम्म्याहून जास्त मध ठेवला होता, पण त्यात शहाणपण काही नव्हतं. क्लेओपसची कंबर धरली होती आणि मला एकटीला कंटाळा आला होता. ज्या संघातून बाहेर पडल्याच्या भीतीनं बाईनं मध लपवला, त्याच संघाच्या साखरेवर ती विसंबून बसली होती. गोदामवाला पुढच्या आठवड्यात या म्हणत होता, आणि ऑगस्ट संपत आला होता.

"मध कुठाय?"

तिनं तळघराचं झाकण उचललं. बटाट्यांच्या मागे, पोत्याखाली, बरण्याच बरण्या. मध नासत नाही. ज्याला दुष्काळाची भीती आहे, त्याच्यासाठी याहून चांगली बेगमी नाही.

"आज संध्याकाळी परत घालू या त्यांना," मी म्हटलं. "कोमट पाण्यात कालवून. अजून थंडी पडली नाही, भरून घेतील."

"आणि हिवाळ्यात पुन्हा नाकेबंदी बसली तर? माश्यांनी खाल्लं म्हणून मी काय खाऊ?"

"ताई, या वारतील गं. एकही उरणार नाही."

"माहीत आहे!" ती एवढ्या जोरात ओरडली की मी मागे सरले. "मला काय दिसत नाही? रोज सकाळी मेलेल्या झाडते मी पेट्यांच्या दारापुढच्या. रोज ठरवते, आज घालते. खाली उतरते, बरणी हातात घेते आणि पाय वर येत नाहीत."

मी तळघरात उतरले आणि एक बरणी वर आणून पायरीवर ठेवली. दुसरी आणली. तिनं मला अडवलं नाही, हातही लावला नाही. ऊन उतरल्यावर मी चुलीवर पाणी कोमट केलं, मध कालवला आणि पहिल्या पेटीत भांडं ठेवलं. आतून आवाज यायला लागला, भरल्या घरातल्यासारखा. तेव्हा कुठे ती उठली आणि दुसरं भांडं तिनं उचललं.

संध्याकाळमागून संध्याकाळ आम्ही ते करत होतो. प्रत्येक बरणीला ती पांढरी पडायची, आणि तरी ओतायची. तळघर रिकामं होत गेलं. मधेच बातमी आली की शहरात पावाचे भाव वाढणार, तेव्हा तिनं पूर्ण दिवस दार उघडलं नाही. मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी ती पेट्यांपाशी उभी होती, भांडं घेऊन.

शेवटची पेटी राहिली आणि शेवटची बरणी. ती बरणी मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली. दोन्ही हात झाकणावर.

"दे," मी म्हटलं.

"तेक्ले, तुला एक विचारू?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "हिवाळ्यात माझ्याकडचं संपलं, अगदी सगळं संपलं, तर तुझ्या घरचं वाटीभर सूप मला देशील?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "शरम नाही वाटत? मी तुझी बिच्युले ना! हे काय विचारायचं असतं?"

"असतं," ती म्हणाली. "तिथं आईनं विचारलं होतं. आमच्याच गावची बाई होती, शेजारच्या झोपडीत. माझा धाकटा भाऊ बालिस तापात होता, चार वर्षांचा. आईनं वाटीभर मागितलं. तिलाही पोरं होती. तिनं दार लावून घेतलं. आई परत आली आणि तेव्हापासून तिनं कोणाकडेच काही मागितलं नाही. बालिससाठी नाही, स्वतःसाठी नाही. मीही नाही मागितलं कधी. आज पहिल्यांदा मागतेय. मला हो की नाही ते सांग."

माझी जीभ आयुष्यात कुठे अडली नाही. शब्द मला कधी कमी पडले नाहीत. पण तिला त्यातला एकच हवा होता, आणि तोही खरा. मी मनात माझं घर पाहिलं, माझी पोरं, नवऱ्याची कंबर, हिवाळा. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून पाहिलं.

"देईन," मी म्हटलं. "आधी तुला वाढीन, मग आम्ही बसू."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग बरणी गुडघ्यांत घट्ट धरली आणि झाकण फिरवायला लागली. ते घट्ट बसलं होतं. मी वाकले आणि आम्ही दोघींनी मिळून ते काढलं.