भाऊजींचा तराजू

माझ्या धाकट्या दिराइतका प्रामाणिक माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याच्याबरोबर एका घरात राहू नका. अनुभवाने सांगतेय.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी शाळेत होते. गुडघे कायम सोललेले, आणि खिशात नेहमी कसला तरी दोरा किंवा खिळा. सासूबाईंची दवाखान्यात पाळीची नोकरी, त्यामुळे यांचा डबा भरणं, नखं कापणं, कान धरून अंघोळीला ढकलणं हे सगळं माझ्याकडे आलं. तेव्हापासूनची त्यांची खोड सांगते. घरात केक आला की कापायला हेच पुढे. मोठे तुकडे शेजाऱ्यांच्या पोरांना, सगळ्यात छोटा स्वतःला, आणि त्याच्याहून जरासा बरा सख्ख्या भावाला. मी म्हणायची, "अहो भाऊजी, तुम्ही उपाशी राहा, हौसेने राहा. माझ्या नवऱ्याने काय घोडं मारलंय?" तर म्हणायचे, "वहिनी, लोक म्हणतील घरच्यांना जास्त दिलं."

सगळं जग म्हणतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्याकडे बरोबर उलटं. एकदा गल्लीतल्या मॅचला भाऊजी रेफरी होते आणि आमच्या ह्यांनी आयुष्यातला एकुलता एक गोल मारला. भाऊजींनी शिट्टी फुंकून तो रद्द केला! ह्यांचं आता अर्धं डोकं पांढरं झालं, पण पाहुणे आले की अजून मध्येच म्हणतात, "तो गोल होता." पाहुण्यांना काही कळत नाही. मी चहा ओतत राहते.

पुढे भाऊजी कॉलेजात खेळाचे शिक्षक झाले आणि मुलींच्या फुटबॉल टीमची जबाबदारी त्यांच्याकडे आली. लग्न केलं नाही. एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, पण पहिल्याच भेटीत यांनी मुलीला स्वतःचे सगळे दोष एका दमात सांगितले. ती कॉफी अर्धी टाकून गेली. तर असो. वरच्या मजल्यावरची खोली त्यांची, जेवण आमच्यात. मुली त्यांना पाठीमागे 'तराजू सर' म्हणतात. भाऊजींना ते माहीत आहे, आणि मनातून ते खूश आहेत.

आणि मी? मी दाताच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. लोक येतात, आत जातात, तोंड उघडून झोपतात आणि त्यांना उलट बोलता येत नाही. असं सुख घरी मिळत नाही.

आता यंदाची गोष्ट. गेल्या सीझनला टीम उपांत्य सामन्यात हरली. यंदा मात्र कॉलेजात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की ह्या वेळी कप आपलाच. सराव सुरू झाल्यापासून मैदानाच्या कठड्यावर रिकामटेकड्यांची गर्दी. नव्या मुलींत एक चिमणी आली होती. नाव काही का असेना, सगळे तिला चिमणीच म्हणायचे. खांद्याएवढीसुद्धा नाही, पण बॉल पायात आला की समोरच्या तिघीजणी एकमेकींवर आपटायच्या. मागे बचावाला दोघी जुळ्या बहिणी. त्या एकमेकींशी घरी कडाकडा भांडायच्या आणि मैदानावर न बोलता जागा बदलायच्या. कॅप्टन मधल्या फळीत, आवाज असा की माझा बरा. राहिला प्रश्न एकच, गोलात कोण उभं राहणार?

दोघी होत्या. एक पहिल्या वर्षाची, उंच, हात लांबलचक, तिचं नाव पडलं शिडी. आणि दुसरी आमची ठकी. म्हणजे माझी मुलगी, भाऊजींची पुतणी, आणि तिचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष.

ठकीचं सांगते. पहिली दोन वर्षं तिच्यापुढे एक मोठी मुलगी होती, तेव्हा बाकावर बसणं ठीकच. गेल्या वर्षी जागा रिकामी झाली, आणि भाऊजींच्या परीक्षेत ही शेवटच्या वर्षातल्या एकीपुढे हरली. परीक्षा म्हणजे सीझनच्या आधीच्या शेवटच्या रविवारी सर स्वतः दोघींना दहा-दहा पेनल्टी मारतात. जी जास्त अडवेल ती पहिल्या मॅचला गोलात. साधा नियम, कुणाला बोलायला जागा नाही. गेल्या वर्षी घरी आल्यावर ठकी दोन दिवस नीट जेवली नव्हती. यंदा तिने गॅरेजमध्ये जुनी गादी टाकली आणि रोज सकाळी भिंतीवर बॉल मारून उड्या घेत बसली. धडाम, धडाम. ह्यांची गाडी बिचारी रस्त्यावर झोपायला गेली. ही जागा मिळाली नाही तर कॉलेज संपेल आणि पोरीने एकही खरी मॅच खेळलेली नसेल, एवढं मला कळत होतं. फुटबॉल नाही कळत मला, पण पोरगी कळते.

बरं, घरात ह्या विषयावर बोलायची सोय नाही. भाऊजींचा नियम असा की घरात ते काका, मैदानावर सर. जेवताना मी नुसतं म्हटलं, "शिडी म्हणे चांगली आहे?" तर भाऊजींनी मीठ मागितलं. मीठ त्यांच्या पुढ्यातच होतं.

त्या रविवारी मी थर्मासमध्ये चहा भरला, संत्री घेतली आणि ह्यांना ओढत मैदानावर नेलं. बाकावर बसलो.

आधी शिडी. भाऊजी आले, चार पावलं पळाले, मारला. तिने अडवला. पुन्हा मारला, पुन्हा अडवला. काही गेले, बरेच थांबले. बघणाऱ्यांनी टाळ्या दिल्या. मग ठकी उभी राहिली. भाऊजींनी बॉल ठेवला. उचलला. परत ठेवला. मागे गेले. आणि मी पाहिलं, भाऊजींची जीभ बाहेर!

तुम्हाला वाटेल ही बाई काय सांगतेय. पण लहानपणी सुईत दोरा ओवताना, पतंग दुरुस्त करताना, म्हणजे जीव ओतून काही करायचं असलं की ह्या माणसाची जीभ डाव्या कोपऱ्यातून बाहेर येते. अजूनही येते. शिडीला मारताना तोंड मिटलेलं होतं. ठकीच्या वेळी प्रत्येक बॉलला जीभ बाहेर, आणि बॉल असे सुसाट, अगदी खांबाच्या आतल्या बाजूला, की मधे भिंत बांधली असती तरी गेले असते. पोरीने तरी त्यातले काही बोटांनी काढले. बाकीचे गेले. भाऊजींनी शिट्टी वाजवायला तोंडाशी नेली.

मी उठले. ह्यांनी माझी बाही धरली, म्हणाले, "अगं, बस." बस काय बस! चपलांसकट मैदानात गेले.

"भाऊजी, शिट्टी खाली ठेवा."

"वहिनी, इथे नको."

"इथेच. त्या पोरीला मारलेत ते बॉल, आणि माझ्या पोरीला मारलेत ते काय होतं? दगडफेक?"

"दोघींना सारखेच मारले."

"सारखे? अरे, तुझी जीभ बाहेर होती!"

एरवी मी त्यांना अहो-जाहो करते. पण डोकं फिरलं की मला तो डबा विसरून शाळेत पळणारा पोरगाच दिसतो. भाऊजींचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

"वहिनी, शपथ सांगतो, मी मुद्दाम नाही..."

मुद्दाम नव्हतंच ते. ते मलाही दिसत होतं. म्हणूनच तर राग येत होता. मुद्दाम केलं असतं तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

तेवढ्यात कॅप्टन पुढे आली. "सर, एक सांगू? तुम्ही तिला नेहमीच जास्त जोरात मारता. गेल्या वर्षीही मारले होते. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"मग बोललात का नाही?" भाऊजी म्हणाले.

"आम्हाला वाटलं, तुमच्या घरचं काही असेल."

हे ऐकून आमचे हे बाकावरून खो-खो हसले. मला त्यांना संत्रं फेकून मारावंसं वाटलं.

भाऊजी ठकीकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो," ठकी हातमोजे घट्ट करत म्हणाली. "मला वाटलं, तेही अडवायला शिकेन आणि मग तुम्हाला काही बोलताच येणार नाही."

तराजू सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. इतकी वर्षं ज्या गोष्टीची मिजास केली तीच खोटी निघाली, तीही सगळ्या टीमपुढे. मला वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही. भाऊजींनी शिट्टी गळ्यातून काढून कॅप्टनच्या हातात दिली आणि म्हणाले, "परीक्षा पुन्हा. मी मारणार नाही. चिमणी मारेल." आणि जाऊन ह्यांच्या शेजारी बाकावर बसले. ह्यांनी त्यांना चहा दिला. दोघे भाऊ कप धरून बसले, प्यायलं कुणीच नाही.

चिमणीला काका नाही, पुतणी नाही, तिला नुसता गोल हवा होता. दोघींना तिने सारखंच छळलं. शिडी उडाली, ठकी उडाली. एकीने अडवला की दुसरीही अडवायची. कठड्यावरचे लोक आरडाओरडा करायला लागले. मी तर इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खुणेने पेशंट बोलवावे लागले. शेवटच्या बॉलपर्यंत दोघी बरोबरीत. शिडीने शेवटचा अडवला होता. आता ठकी. चिमणीने उजवीकडे मारला, ठकी उजवीकडेच झेपावली, आणि बॉल तिच्या बोटांच्या पुढून, वीतभर, गेला.

गेला. मी तिथेच उभी. एवढा तमाशा करून मी माझ्या पोरीला दुसऱ्यांदा हरवलं होतं, एका दिवसात. ठकी उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि जाऊन शिडीला मिठी मारली. शिडी रडत होती, ठकी नाही.

घरी आल्यावर मी भांडी आपटत होते आणि डोळे पुसत होते. ठकी टेबलाशी बसून जेवत होती, तेही कसं, दोन माणसांचं. चार अंडी, अख्खा पाव, वर उरलेले बटाटे. मला राहवेना. म्हटलं, "अगं, तुला काहीच वाटत नाही का?"

"वाटतं ना. पण आई, आज मी सारखे बॉल खेळून हरले. गेल्या वर्षी नुसतीच घरी आले होते. दोन्ही सारखं नसतं गं."

भाऊजी दारात उभे होते. आत यावं की नाही, असे. ह्यांनी खुर्ची पायाने मागे ढकलली, तसे येऊन बसले. मग म्हणाले, "ठके, माझं चुकलं. मोठी चूक झाली."

"काका, ते राहू दे. शेवटच्या बॉलला माझं काय चुकलं ते सांग."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. घरात फुटबॉल नाही, हा त्यांचाच नियम. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मीठ देऊ का?"

"तू दिशा बरोबर ओळखतेस," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "शिडीपेक्षाही चांगली. पण उडायच्या आधी अर्धं पाऊल मागे घेतेस. त्यात वेळ जातो. पहिल्या वर्षापासून घेतेस."

ठकीचा घास हातातच राहिला. "पहिल्या वर्षापासून? मग सांगितलं का नाहीस?"

"बाकीच्यांना सांगतो तसं तुला सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, पुतणीला शिकवतो."

मला खूप काही बोलता आलं असतं, जिभेवर सगळं तयार होतं, पण पोरीचं तोंड बघितलं आणि गिळलं. तीन वर्षं ती रोज एकाच मैदानावर त्याच्यासमोर होती, आणि त्याने जगभरच्या मुलींना शिकवलं होतं, फक्त तिला सोडून. तिचे डोळे आत्ता भरले. मैदानावर नव्हते भरले.

मग तिने हात धुतले. टॉवेलला पुसले. हातमोजे उचलले.

"पहिली मॅच शिडी खेळेल. सीझन मोठा आहे. चल गॅरेजमध्ये."

"आत्ता? जेवून लगेच?"

"काका, चल म्हटलं ना."

दोघं गेले. मी टेबल आवरायला घेतलं. थोड्या वेळाने गॅरेजमधून धडाम ऐकू आलं, आणि मग भाऊजींचा आवाज. चिमणीला, कॅप्टनला, जुळ्यांना ओरडतात तो, घर हलवणारा. ठकीला त्या आवाजात त्यांनी आजवर कधी हाक मारली नव्हती.

"पाऊल! परत मागे घेतलंस! झोपलीयेस का? ऊठ, पुन्हा!"

"उठतेय ना!"

"तोंड चालवू नकोस, पाय चालव!"

शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "अहो, काय झालं? पोरीला एवढं का ओरडतायत?" मी म्हटलं, "ओरडू द्या हो." आणि नळ बंद केला, म्हणजे मला नीट ऐकू येईल.