नॉर्बर्टच्या तळघरातली ओली भिंत

मिलवॉकीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या तळघरांच्या भिंती नॉर्बर्ट ग्लिन्स्कीने लावल्यात. ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्सम बोर्डाच्या, दोन शीटमधला सांधा तो असा बुजवायचा की बोट फिरवूनही सापडू नये. आता निवृत्त झालाय, पण जीभ अजून कामावर आहे. कुणाच्या तळघरात पाणी शिरलं की हा न बोलावता हजर. "कापून टाक! भिजलेली ड्रायवॉल ठेवणं म्हणजे बुरशीला घरजावई करून घेणं." भिंत वाळवून वाचवायचा विचार मी नुसता बोलून दाखवला, तर पुढे कित्येक दिवस तो मला कंजूष अशीच हाक मारत होता.

यंदा बर्फ वितळताना त्याच्याच तळघरातली पाणी उपसायची मोटर बंद पडली. आम्ही शेजारी करवती आणि बिअर घेऊन पोचलो, तर हा जिन्यातच वाट अडवून उभा.

"पंखा लावलाय. वाळेल."

त्याचं कारण गल्लीत मला एकट्याला ठाऊक होतं. हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी त्याची ब्रँडी बंद केली होती. घरात थेंब जरी सापडला तर तळघरातला बार विकून पत्त्यांचा अड्डा मोडीन, असं त्याची बायको लोरेन हिने बजावलं होतं. आणि या बाबाने पाण्याच्या वॉल्व्हसाठी भिंतीत ठेवलेल्या झाकणामागे बाटली दडवलेली! पत्ते खेळताना गोड सोड्यात हळूच ओतायची आणि डाव हरला की "चढलीय रे" असं माझ्या कानात सांगायचं. पत्ते गेले तर या माणसाचं काय उरणार, या विचाराने मलाही धडकी भरली होती.

"नॉर्ब, बाजूला हो. कंजूष कुठला!" लोरेन म्हणाली.

करवती चालू झाल्या. जमिनीपासून मांडीइतक्या उंचीवर सरळ रेघ, त्याखालचं सगळं बाहेर. त्यानेच शिकवलेली पद्धत.

"झाकणाचा तेवढा कोपरा सोडा रे," नॉर्बर्ट गयावया करू लागला. "तिथं कोरडं आहे."

लोरेनने बोट खुपसलं. "लगदा झालाय नुसता. काप रे, ड्वेन."

समोरच्या घरातल्या ड्वेनने कापलं. तुकडा खाली आला आणि बाटली सगळ्यांसमोर उभी.

"माझी आहे ती," मी म्हणालो.

"तू गप्प बस. तुला खोटं बोलता येत नाही." लोरेनने बाटली दिव्यापुढे धरली. "निम्मी संपवलीस? परवाच तर भरली होती मी."

"तू भरलीस?" नॉर्बर्टने विचारलं.

"नळ गोठू नये म्हणून थंडीच्या आधी अंगणातलं पाणी कोण बंद करतं आता? मीच ना? आणि वॉल्व्ह कुठे आहे, राजा? तेव्हापासून यात चहा आहे. जळकी साखर घातलेला. वासापुरती झाकणभर ब्रँडी." ड्वेन पोट धरून हसत होता, पण लोरेन हसली नाही. "आयसीयूबाहेर बसून काढलेले दिवस मला पुन्हा नकोत, नॉर्ब."

नॉर्बर्ट बारच्या स्टुलावर बसला.

"बार विकणार?"

"आधी भिंत लाव. मग बघू."

"लावतो," तो म्हणाला. "पण लोरेन, साखर जरा कमी घालत जा."