दादाचा वरचा मजला

वडिलांनी वाटणीत दादाला राहतं घर दिलं आणि मला त्याच्या पुढचा, समुद्राकडचा जमिनीचा तुकडा. आमचं गाव रायगड जिल्ह्यात, किल्ल्याच्या पायथ्याशी. जांभ्याची जुनी घरं आहेत म्हणून सगळी वस्ती संरक्षित. आसपास काहीही बांधायचं तर समितीची परवानगी लागते. मी कुवेतला एका दवाखान्यात नर्स. नवरा गेल्यावर ठरवलं, निवृत्त झाले की गावी राहायचं. दोन खोल्या, पडवी, वर कौलं, एवढाच नकाशा पाठवला. तो फेटाळला. ‘जुन्या वस्तीच्या दृश्याला बाधा येते.’ मी नशिबाला बोल लावून गप्प बसले.

दादाही कुवेतलाच, खैतान भागात राहतो. मग एका शुक्रवारी त्याच्याकडे जेवायला गेले. पापलेट वाढता वाढता वहिनी बोलून गेली, “यांनी हरकत घेतली ते बरंच झालं. नाहीतर आमच्या वरच्या खोलीतून समुद्राच्या आधी कौलंच दिसली असती.”

दादाने डोळे वटारले. मी म्हटलं, “कालवण छान झालंय,” आणि ताट पुसून संपवलं. अबू हलीफाला माझ्या घरी परतताना बसमध्ये माझं सगळं ठरलं होतं.

मी अपील केलं. सुनावणी मोबाइलवर होती. हरकतदार म्हणून दादाही पडद्यावर आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

“बहीण असली तरी साहेब, गावाचा वारसा मोठा,” तो म्हणाला.

माझी पाळी आली. “साहेब, माझं घर बैठं आहे. त्याच्या मागे यांचं दुमजली आहे. वरच्या मजल्याची परवानगी यांनी दाखवावी, म्हणजे वारसा कसा जपतात ते मलाही कळेल.”

“तो मजला जुना आहे,” दादा घाईने म्हणाला.

“वरचा स्लॅब टाकला तेव्हा मी रजेवर गावीच होते. परवानगी काढ म्हणून बाबा ओरडत होते. आठवतं ना, दादा?”

त्याने चष्मा काढला. साहेबांनी दोन्ही जागांची तपासणी लावली.

दुसऱ्याच संध्याकाळी तो माझ्या दारात. सोफ्याच्या कडेला बसला. “तेवढं मागे घे. मीही हरकत मागे घेतो.”

“तपासणीचा आदेश झालाय. आता माझ्या हातात काय आहे?”

खरंच काही नव्हतं. असतं तरी मी दिलं नसतं. त्याने चहा अर्धा ठेवला, मी आग्रह केला नाही.

माझं घर मंजूर झालं. दादाचा वरचा मजला पाडावा लागला. माझ्या गवंड्याने व्हिडिओ पाठवला. घण भिंतीवर पडत होता आणि मी दवाखान्यात डबा खाता खाता तो पुन्हा पुन्हा बघत होते.

“इतना क्यों हँस रही हो?” शेजारच्या सिस्टरने विचारलं.

“घर का काम शुरू हुआ,” मी म्हटलं.

दादा आता बोलत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मी दिसले की तो दुसऱ्या रांगेत जातो. मग मीही तिथे जाऊन त्याच्या मागे उभी राहते.