हाक मारून थांबणारा गोमा

गोमा हाक मारायचा आणि थांबायचा. एवढंच त्याचं वेगळेपण, पण तसा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आपण सगळे ‘अरे ए’ म्हणतो आणि पुढचं वाक्य त्याच दमात फेकतो. गोमा खडकावर उभा राहून ‘हूऽऽ’ अशी लांब हाक घालायचा, आणि मग तोंड मिटून, मान तिरकी करून, समोरच्या डोंगरातून ओ येईपर्यंत झाडासारखा उभा.

खालापूरकडच्या उतारावर माझी आंबा-चिकूची वाडी आहे. गोमा आणि त्याची बायको चांगी तिथे राखणीला होते. माणसं मूळची घाटातली, ठाकुरवाडीकडची. माझं शिळफाट्याला सिमेंट-विटांचं दुकान. डोक्यावर घमेलं वाहून वर आलो, म्हणून मला कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, असं मी लोकांना सांगतो. माझी बायको म्हणते, घमेल्याचा काही संबंध नाही.

वाडीचं फाटक खाली रस्त्याला आणि गोमाची खोपी वर टाकीपाशी. मध्ये डोंगराचा फुगवटा, त्यामुळे मोबाइलला रेंज नाही. तेवढा चढ चढायला माझं पोट तयार नसतं. म्हणून एकदा बाजारात खेळण्यांच्या गाड्यावर लहान मुलांची वॉकीटॉकी दिसली, तेव्हा मी थांबलो. हिरवी जोडी, तोंड बेडकाचं. घासाघीस करता करता गाडीवाला एका आकड्यावर अडून बसला. मी म्हटलं, हा खोका आणि आतलं कसं वापरायचं त्याचं पुस्तक तुझ्याकडेच ठेव, पण भाव उतरव. त्याने उतरवला. इतका खूश होऊन मी कुठल्याच सौद्यातून उठलो नव्हतो. त्या पुस्तकात काय होतं ते वाडीवर पोहोचल्यावर कळलं. म्हणजे कळलं नाही.

सेल घातले, दोन्ही बेडूक चालू केले, दोन हातांत दोन धरून समोरासमोर आणले. अशी किंकाळी फुटली की कुत्रं फाटकाबाहेर पळालं. मी गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गोमाने माझं संपायची वाट पाहिली, मग एक बेडूक उलटसुलट करून बघितला.

“तोंडाला तोंड लावून दोघं बोलली का असंच व्हतं, शेट. मी लांब जातो.”

तो बेडूक घेऊन तो वर गेला. मी बाजूचं बटण दाबून ओरडलो. उत्तर नाही. आणखी ओरडलो. अर्ध्या तासाने गोमाच खाली उतरून आला आणि म्हणाला, तुमचं सगळं ऐकू आलं, गाडीवाल्याच्या आईचंसुद्धा. माझं तुम्हाला काहीच कसं आलं नाही? मग त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. दाबून दाबून नख पांढरं झालं होतं.

“तुमी बोट काढलंच नाय,” तो म्हणाला. “हाक मारली का थांबायचं असतंय.”

त्यांच्या डोंगरात म्हणे दोन्ही अंगांनी एकदम ओरडलं तर कोणालाच काही ऐकू येत नाही. एकाने हाक घालायची, गप्प व्हायचं. “तीन हाका घालायच्या. ओ नाय आली तर समजायचं, पलीकडं माणूस नाय.” शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने ते पुस्तक असं दोन वाक्यांत मला वाचून दाखवलं.

बाकीचंही त्यानेच शोधलं. लाल बटण दाबलं की पलीकडे पीपी वाजतं, त्याला तो शिट्टी म्हणायचा. खडकावर उभं राहिलं की आवाज स्वच्छ येतो. काम झालं की सेल काढून बेडूक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा. मी दर रविवारी फाटकापाशी खुर्ची टाकून बेडकाला हुकूम सोडायचो. रस्त्याने जाणारे टेंपोवाले विचारायचे, शेट, बेडूक काय म्हणतो? मी चुकून कधी अंगठा उचलला, तर वरून पहिलं वाक्य यायचं, “बोट काढलंत, बरं झालं.” त्याचा मला राग यायचा. मी पुन्हा दाबायचो.

एका रविवारी गेलो तर खोपी बंद. किल्ली फाटकाच्या खिळ्याला. आत पिशवीत बेडूक, सेल काढलेले. चोरीचा आळ घ्यायलाही त्याने जागा ठेवली नव्हती. पुढे वर्षभर मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं, की पोराबाळांसारखं सांभाळलं आणि न सांगता गेला. विटा घ्यायला आलेली माणसं हे ऐकून घ्यायची, कारण विटा माझ्याकडे होत्या.

यंदा पावसाच्या तोंडाशी, शेवळांच्या दिवसांत, शिळफाट्याच्या बाजारात चांगी दिसली. रानभाजीच्या जुड्या मांडून बसली होती. मी उभ्या उभ्या विचारलं, “तुझ्या नवऱ्याला सांगून जायला तोंड नव्हतं का गं?”

“तीन ऐतवार तो तुमचा बेडकाचा डबा घेऊन खडकावर उभा व्हता,” ती जुड्या सारखी करत म्हणाली. “पोरीचे दिवस भरत आले व्हते. वाडीवर पानी हाय, रस्ता हाय, बाळंतपणाला तिला खोपीत आणू का, इचारायचं व्हतं.”

“मग समोर विचारायचं.”

“समोर तुमी बोलू देता व्हय? डब्यावर तरी बोट काढाल, असं वाटलं त्याला.”

ते रविवार मला आठवले. टाकीचा पाइप गळत होता आणि तिन्ही वेळा मी त्या पाइपवर बोलत होतो. त्याने लाल बटणही दाबून पाहिलं असणार. पण माझा अंगठा खाली असेपर्यंत शिट्टी माझ्याकडे येत नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बदल्यात काहीतरी मागितलं असतं, एवढं नक्की.

पोरगी तिकडे घाटातच बाळंत झाली. नात आहे, दोघी बऱ्या आहेत, गोमा आता तिकडेच असतो, असं चांगीने सांगितलं. जाताना काही म्हणाला का, मी विचारलं.

“तिसऱ्या ऐतवारी डबा पिशवीत गुंडाळला. म्हनला, चल. पलीकडं माणूस नाय.”

मला बरंच बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही. मग रिकाम्या हाताचा अंगठा आपोआप वर उचलला गेला आणि मी गप्प उभा राहिलो. चांगीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला जुडी बांधून दिली.