यंत्र बंद असतानाची मुलाखत

बर्फाच्या कारखान्यातल्या त्या सकाळच्या अपघाताविषयी आमच्या भागात तीन हकीकती सांगितल्या जातात, आणि तिन्ही खोट्या आहेत. मालकांचे चिरंजीव सांगतात, की यंत्रावरच्या ऑपरेटरची निवड त्यांनी नव्हे, मी एकट्याने केली. बंदरावरचे लोक माझ्याबद्दल म्हणतात, की मला इथला माणूस नकोच होता. सांडोरला राहणारे माझे जुने सहकारी म्हणतात, म्हाताऱ्याला माणसे ओळखण्याची घमेंड नडली. मी त्या कारखान्याचा व्यवस्थापक होतो आणि मुलाखतीच्या खोलीत शेवटपर्यंत बसलो होतो. या सर्वांपैकी चिरंजीव तेवढे तिथे होते. तेही अर्धा वेळ फोनवर.

बर्फ गोठवायला अमोनिया लागतो. हा वायू थोडा सुटला तर नाकाला झोंबतो. फार सुटला तर डोळे आणि छाती जाळतो. म्हणून माझी एक रीत होती. उमेदवाराला मी टेबलासमोर बसवत नसे. चालू यंत्राच्या खोलीत उभे करून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत असे. जुन्या यंत्राच्या एखाद्या सांध्यातून किंचित वास येतच असे. कामाचा माणूस बोलता बोलता थांबे, मान वळवी आणि डोळ्यांनी तो सांधा शोधी. ज्याची मान वळली नाही, त्याला मी चहा पाजून परत पाठवी.

त्या वर्षी आमचा ऑपरेटर नोकरी सोडून गेला, तो होड्या किनाऱ्यावर ओढल्यानंतर. मासेमारी बंद म्हणून बर्फ बंद. यंत्र थंड आणि वायू टाकीत कोंडलेला. मी म्हणालो, नारळी पौर्णिमेनंतर यंत्र सुरू होऊ द्या, मग मुलाखती घेऊ.

"काका, सीझन सुरू झाल्यावर माणूस शोधत बसायचं?" चिरंजीव म्हणाले. "आणि मशीनसमोर उभा करून कसला इंटरव्ह्यू? म्हैस विकत घेताय का?"

"म्हैस घेताना लोक निदान दात तरी बघतात," मी म्हणालो. पण ऐकले त्यांचेच. मुलाखती कारखान्यापासून लांब, एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या नव्या ऑफिसात ठरल्या.

दोन उमेदवार आले. पहिला आमच्याच कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढणारा, पाचूबंदरचा, चाळिशीचा गृहस्थ. चिरंजीवांनी त्याला वायूचा दाब विचारला.

"आकडं नाय ठाव, शेठ. पन काय बिघडलं तं मना आदी कळतं."

"कसं?"

"वासानं. दुसरं काय?"

"मग कुत्राच ठेवतो ना. पगारही मागणार नाही."

"ठेवा की. पन वॉल्व कोन बंद करंल?"

मी हसलो. चिरंजीव हसले नाहीत.

दुसरा घाटावरचा, बटाट्याच्या शीतगृहात आठ वर्षे राबलेला. दाखले चोख, उत्तरे त्याहून चोख. मध्येच चहा आला. दूध करपलेले होते. वास खोलीभर पसरला. चिरंजीवांनी कप सरकवला, मीही ठेवून दिला. त्या माणसाने शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायला, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाला, "छान आहे."

मी ते पाहिले. मला ते संस्कार वाटले.

निवडपत्रावर पहिली सही चिरंजीवांची आहे, दुसरी माझी. म्हणजे एकट्याने निवड केल्याची गोष्ट तिथेच संपली. बंदरकरांनीही ऐकून ठेवावे: त्यांच्या माणसाला मी एका शब्दानेही विरोध केला नाही. त्याच्या बाजूनेही एक शब्द बोललो नाही.

पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, यंत्र सुरू झाले. दहाएक दिवसांनी तो लाद्या ओढणारा माझ्या टेबलाशी आला. "सायेब, वास येतो. रोज जरा जास्तीच." मी यंत्राच्या दारात जाऊन उभा राहिलो. वास होता, पण तो नेहमीच असे. ऑपरेटरला विचारले. "मला तर नाही येत, साहेब," तो म्हणाला. दिवसभर यंत्राशेजारी बसणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, की दूर लाद्या ओढणाऱ्यावर? मी दाखल्यांवर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वास येणारा तो सांधा फुटला. बाकी सगळे पळाले. लाद्या ओढणाऱ्याने गोणपाट पाण्यात भिजवले, तोंडावर धरले, आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि ऑपरेटरला बखोटीला धरून बाहेर ओढले. माणूस वाचला. डोळे वाचले नाहीत.

राहिली घमेंड. माझी परीक्षा चुकली असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर आहे, की ती परीक्षा त्या वर्षी घेतलीच गेली नव्हती.

इस्पितळात मी एकटाच गेलो. "वास खरंच आला नव्हता?" मी विचारले.

"लहानपणी बैलगाडीवरून पडलो, साहेब. डोक्याला मार लागला. तेव्हापासून नाकाला काही कळत नाही. शीतगृहात जोडीला दुसरा असायचा, तो सांगायचा."

"मुलाखतीत का नाही सांगितलंत?"

पट्ट्या बांधलेला चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने वळला. "कोणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलं असतं, तर तुमच्याशी खोटं बोललो नसतो."

हे वाक्य तिन्ही हकीकतींत नाही. खाटेपाशी आम्ही दोघेच होतो, आणि त्याने ते कोणालाही सांगितलेले दिसत नाही.